दाढेतले एकोणीस किडे

रविवारी सकाळचे नऊ वाजले नव्हते, तरी बेसा भागातल्या त्या मोकळ्या प्लॉटवर शे-दीडशे माणसं जमली होती. कुणाचा गाल सुजलेला, कुणाच्या तोंडाला रुमाल बांधलेला, कुणी नुसताच गालावर हात ठेवून मान वाकडी करून उभा. एवढी माणसं एका जागी, पण बोलत कुणीच नव्हतं, कारण बोललं की दाढेत कळ येत होती. बोलत होता एकटा चंपतराव, आणि तो सगळ्यांच्या वाटणीचं बोलत होता.

"या, या, लाइन तोडू नका! डॉक्टर काय करते? मशीन लावते. घुर्र घुर्र करते. दात कोरते. मंग किडा कुठं जाते? अंदर! अजून अंदर! आपल्या मायजवळ मशीन नाही, सुई नाही, इंजेक्शन नाही. फक्त धूर! किडा स्वतःच्या पायानं बाहेर येते आन् पाण्यात उडी मारते!"

"किड्याले पाय असतात काय?" रांगेतल्या एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं.

"तुह्या दाढेतल्याले आहेत, बाई. तू बस तं खरी."

लोक हसले. हसताना ज्यांच्या दाढांना वारा लागला त्यांनी लगेच तोंडं मिटली.

मंडपात तुळसाबाई बसली होती. साठी उलटलेली, सुती लुगड्यातली, कमी बोलणारी बाई. माइकवरचा चंपतराव तिचा भाचा. तिच्यासमोर पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात मधोमध एक वीट. बाजूच्या शेगडीत लाल केलेला लोखंडाचा तुकडा ती चिमट्यानं विटेवर ठेवायची. त्यावर तुपात कालवलेल्या दवाईची चिमूट टाकायची आणि वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालायची. भोकात बांबूची नळी. ज्याचं दुखतं त्यानं नळीवर तोंड उघडं धरायचं, डोक्यावरून चादर घ्यायची. धूर तोंडात जायचा, लाळ गळायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं. तुळसाबाई शंभरपर्यंत मोजायची आणि मडकं उचलायची. परातीतल्या पाण्यावर पांढरे, बारीक, वळलेले किडे तरंगत असायचे.

"सात!" चंपतराव माइकमध्ये ओरडायचा. "सात निघाले! ज्याले भरोसा नाही त्यानं येऊन मोजावं!"

लोक खरंच येऊन मोजायचे. आणि सातच भरायचे.

रांगेत मनोहरराव भोयर आपल्या सुनेला घेऊन उभे होते. वय सहासष्ट. कळमन्याच्या धान्य बाजारात चौतीस वर्षं मापारी म्हणून काम केलेला माणूस. मापाऱ्याचं काम माल तोलायचं, पण पोतं फोडलं की मूठभर दाणे हातावर घेऊन माल कसा आहे हे सांगायची वेळही त्यांच्यावर यायचीच. आता ते घरीच असत. बायको वंदना जाऊन चौदा महिने झाले होते. घरात मुलगा जितेंद्र आणि सून कामिनी.

कामिनीची खालची डावी दाढ आठ दिवसांपासून ठणकत होती. गुरुवारी ती मनीषनगरला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे फोटो काढला आणि रूट कॅनॉल करावं लागेल म्हणून सांगितलं. घरी येईपर्यंत कामिनीचा धीर सुटला. शेजारच्या बाईनं सांगितलं की दाढेची नस काढली की डोळ्यावर जाते. दुसरीनं सांगितलं की तिच्या नणंदेला खुर्चीतच चक्कर आली. कामिनीनं पदर गालाला लावला आणि जेवण सोडलं.

"डॉक्टरकडेच जा," जितेंद्र म्हणाला होता. "ते धूरवालं फालतू आहे, बाबा."

"फालतू असतं तं तुह्या मायची दाढ बरी झाली असती काय?" मनोहरराव म्हणाले. "महिनाभर रडून राहिली होती बिचारी. तुळसाबाईनं एकोणीस किडे काढले. दोन दिवसांत ठणका बंद. होय का नाही?"

त्या घरात वंदनाचं नाव निघालं की वाद तिथंच थांबत असे.

ते खोटंही नव्हतं. वंदनाचा ठणका खरंच थांबला होता. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः कोथिंबिरीची सांबारवडी तळली आणि दोन खाल्ल्या. मनोहररावांनी ही गोष्ट कळमन्यात सांगितली, सोयऱ्यांत सांगितली, पानठेल्यावर सांगितली. त्यांच्या शब्दावर पंधरा-वीस माणसं तरी तुळसाबाईकडे गेली असतील.

रांग पुढं सरकली तसं चंपतरावानं त्यांना ओळखलं.

"अरे, काका! या, या, समोर या! तुम्ही आमचे जुने. लाइनमध्ये काहून उभे राहिले?" त्यानं त्यांचा हात धरून मंडपात आणलं, परातीपाशीच. कामिनीला जवळच्या सतरंजीवर बसवलं. मग माइक तोंडाशी. "ऐका, लोकहो! हे काका कळमन्याचे. यायच्या घरच्या बाईचे एकोणीस किडे निघाले होते. एकोणीस! सांगा काका, खरं का खोटं?"

"खरं आहे," मनोहरराव म्हणाले.

"काकू कशा आहेत आता?"

माइक तोंडासमोर होता. दीडशे माणसं पाहत होती.

"वारली," ते म्हणाले. "मागच्या वर्षी."

चंपतरावानं माइकवर हात ठेवला. "कायनं गेल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"गळ्याच्या आजारानं. मान सुजली होती."

"मंग त्याचा इथं काय संबंध? ते नका सांगू." त्यानं हात काढला आणि पुन्हा मोठ्यानं विचारलं, "पण काका, दाढ? शेवटपर्यंत दाढ दुखली काय काकूची?"

"नाही," मनोहरराव म्हणाले. "दाढ नाही दुखली."

"टाळ्या!"

टाळ्या झाल्या. मनोहररावांना त्या टाळ्या बऱ्या वाटल्या नाहीत. का, ते त्यांना तेव्हा सांगता आलं नसतं. बायकोच्या मरणाची बातमी दिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढंच त्यांच्या मनात आलं.

कामिनीच्या आधी धोंडबा नावाचा एक म्हातारा होता. तो नळीवर वाकला, खोकला, लाळ गाळली. शंभर मोजून झाले. मडकं उचललं. अकरा किडे.

मागच्या खेपेला मनोहरराव दोरीच्या पलीकडे, पुरुषांत उभे होते. चष्माही घरी राहिला होता. वंदनाचे किडे त्यांनी पाहिले नव्हते, फक्त आकडा ऐकला होता. आज परात त्यांच्या पायाशी होती आणि चष्मा डोळ्यांवर.

ते खाली बसले. सवयीनं त्यांनी पाण्यातला एक किडा बोटावर घेतला. बाजारात हेच केलं होतं आयुष्यभर. गव्हात सोंडकिडा आहे की नाही, चण्यात अळी आहे की नाही, हे लांबून पाहून कळत नाही, बोटावर घ्यावं लागतं. अळीला डोकं असतं, तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढं. अंगावर वळ्या असतात. दाबली की ओलं पाणी निघतं.

याला डोकं नव्हतं. वळ्या नव्हत्या. मनोहररावांनी दोन बोटांत दाबला. तो फुटला नाही, लगदा झाला. भिजलेल्या डाळीचा होतो तसा. नाकाशी नेला तर जळक्या तुपाचा वास आला.

त्यांनी दुसरा उचलला. दुसऱ्याच्या शेपटीला एक पिवळं टरफल चिकटलेलं होतं. अर्धं फाटलेलं, चपटं, वांग्याच्या बीसारखं.

त्यांनी तो तळहातावर ठेवला आणि वर पाहिलं.

"चाल वं बाई, बस," तुळसाबाई कामिनीला म्हणत होती. लाल लोखंड विटेवर आलं होतं.

"थांब, कामिनी," मनोहरराव म्हणाले. "बसू नको."

"काहून, मामाजी?"

"हा किडा नाही. हा कोंब आहे."

चंपतराव हसला. "काका, उन्हात उभं राहून चक्कर आली काय? पाणी द्या रे काकाले!"

"पाणी नको. ती दवाई कायची आहे ते सांग."

"गुप्त आहे."

"रिंगणीचं बी आहे," मनोहरराव म्हणाले. "बांधावर काट्याची वेल राहते, पिवळी फळं. त्याचं बी. मले बी ओळखायले सांगू नको, माहा जन्म त्यात गेला. बी गरम झालं की फुटते आन् आतला कोंब बाहेर पडते. पांढरा, वळलेला. पाहा हे, टरफल अजून शेपटीले आहे. दाढेतून किडा निघाला तं टरफल कुठून आणलं त्यानं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आत्ताच तं तुम्ही म्हटलं खरं आहे म्हणून!"

"म्हटलं," मनोहरराव म्हणाले. "चुकलो."

"बह्याड झाला म्हातारा," दुसरा म्हणाला. "बायको गेली तेव्हापासून असंच असन."

हे त्यांना लागलं. पण ते उठले नाहीत. त्यांनी तुळसाबाईकडे पाहिलं. "माय, एक काम करा. दवाई टाका, मडकं ठेवा, पण नळीवर कोणी बसू नका. शंभर मोजा. किडे दाढेतले असतीन तं पाण्यात एकही येणार नाही. मी तुमच्या पाया पडीन आन् सुनेले इथंच बसवीन."

"असं नाही चालत!" चंपतराव पुढं आला. "दवाई अशी रिकामी जाळली तं तिचा गुण जाते. शास्त्रच आहे तसं."

"कोणतं शास्त्र गा?" कॉलेजच्या पोरीनं विचारलं.

"तू गप बस!"

"सरक, चंपत," तुळसाबाई म्हणाली.

चंपतराव वळला. "मावशी, कायले यायच्या नादी लागते?"

"सरक म्हटलं ना. माह्या सासूनं शिकवलं मले हे, तिले तिच्या सासूनं. मी काय लोकायले फसवून राहिली काय? पाहू दे त्याईले. किडा बिना तोंडाचा कुठून येईन?"

तिच्या आवाजात भीती अजिबात नव्हती. मनोहररावांना वाटलं, हिला खरंच माहीत नाही. चंपतराव मात्र लोकांकडे पाहत होता, आणि प्लॉटच्या फाटकाकडे.

तुळसाबाईनं परातीतलं पाणी ओतून दिलं, नवं भरलं, सगळ्यांना दाखवलं. लोखंड पुन्हा लाल केलं. चिमूट टाकली, मडकं ठेवलं. नळीतून धूर निघाला आणि सरळ वर गेला. नळीवर कुणी नव्हतं. ती मोजू लागली. तिसाच्या पुढं लोकही तिच्याबरोबर मोजू लागले. सत्तर, ऐंशी. दुखणाऱ्या दाढांनी मोजलेले आकडे ते, पण आवाज मोठा होता. शंभर.

तिनं मडकं उचललं.

नऊ किडे.

कुणी माइकवरून आकडा सांगितला नाही. तुळसाबाईनं एक किडा बोटावर घेतला, मनोहररावांनी घेतला होता तसाच, आणि दाबून पाहिला. मग दवाईच्या पुडीतलं एक भिजलेलं बी नखानं फोडलं. आतून तोच निघाला, पांढरा, वळलेला. तिनं तो परातीतल्या किड्याशेजारी धरला.

"माही सासू खोटं नव्हती बोलत," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

लोकांत गडबड झाली. काही जण चंपतरावावर धावले, काही त्याला सोडवायला. पण प्रयागबाई नावाची एक बाई मंडपात आली, तिच्या गालावर सूज होती, आणि तिनं जे विचारलं ते मनोहररावांना घरी जाताना पुऱ्या रस्त्यात ऐकू येत राहिलं.

"किडा नसन तं नसन, भाऊ. पण मागच्या महिन्यात धूर घेतल्यावर माहं दुखणं थांबलं तं होतं. ते कायनं थांबलं?"

वंदनाचंही थांबलं होतं.

डॉक्टरची वेळ मंगळवारची मिळाली. सोमवारी संध्याकाळी कामिनी स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली.

"मामाजी, थांबलं!"

"काय?"

"ठणका. दुपारपासून बिलकुल नाही. धूरही नाही, गोळीही नाही. आपोआप गेला. आता कायले जायचं उद्या? फोन करून नाही म्हणून सांगते."

तिचा चेहरा आठ दिवसांनी मोकळा झाला होता. असाच चेहरा मनोहररावांनी आधी एकदा पाहिला होता, वंदनाचा.

"नाही," ते म्हणाले. "जायचं."

"पण दुखतच नाही ना!"

"म्हणूनच जायचं, बेटा. मी येतो संग."

मनीषनगरच्या दवाखान्यात डॉ. प्रीती गजभिये यांनी कामिनीला खुर्चीत बसवलं. पस्तिशीची, भराभर बोलणारी बाई. आधी तिनं एका कापसावर थंड फवारा मारला आणि तो चांगल्या दाढेला लावला. कामिनी दचकली. मग दुखऱ्या दाढेला लावला.

"काही वाटतं?"

"काहीच नाही."

"गुरुवारी हात लावला तरी ओरडत होतीस."

"मग बरी झाली ना, मॅडम?"

"नाही गं. मेली."

कामिनीनं मनोहररावांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो लावला आणि दोघांनाही समोर बोलावलं.

"दात म्हणजे भरीव दगड नाही, काका. आत पोकळी आहे, त्यात नस आहे, रक्त आहे. दाताला कीड लागते म्हणतो, पण तो काही वळवळणारा किडा नसतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपण गोड खातो, ते त्याचं आम्ल करतात, दाताला खड्डा पडतो. खड्डा आतल्या नसेला जाऊन भिडला की ती सुजते. बोट सुजलं तर बाहेर फुगायला जागा आहे, दाताच्या आत जागाच नाही, म्हणून ठणका. आणि मग एक दिवस नस मरते. मेलेल्या नसेला दुखत नाही. माणूस खूश होतो, ज्यानं शेवटचा उपाय केला असेल त्याला श्रेय देतो. धूर असो, लवंग असो, अंगारा असो."

"आन् मंग?" मनोहररावांनी विचारलं.

"मग ती मेलेली नस आत सडते. पू मुळाच्या टोकातून हाडात उतरतो. हे पाहा, इथं काळी सावली दिसते ना? सुरुवात आहे. कधी वर्षभर काही होत नाही. कधी पंधरा दिवसांत जबडा सुजतो. खालच्या दाढेचा पू मानेत उतरला तर श्वासाची वाट दाबली जाते. ते फार वाईट."

मनोहरराव स्टुलावर बसले. डॉक्टर कामिनीशी बोलू लागली, कारण कामिनी रडायच्या बेतात होती.

"सगळं आधी सांगते, म्हणजे मधे घाबरायला नको. आधी हिरडीत इंजेक्शन. टोचल्यासारखं होईल, मग ओठ जड वाटेल. दाताभोवती रबराचा पडदा लावते, म्हणजे पाणी, औषध घशात जाणार नाही. वरून छोटं भोक पाडणार, मशीनचा आवाज येईल. मग केसासारख्या बारीक सुयांनी मुळातल्या तीन वाटा साफ करायच्या आणि धुवायच्या. दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबते."

"आन् डोळा?"

"कुणी सांगितलं?"

"शेजारच्या काकूनं."

"तुझी दाढ खालची आहे. काकूंना विचार, रस्ता कुठून जातो ते."

कामिनीला हसू आलं. पण तोवर डॉक्टरनं तोंड उघडायला लावलं होतं म्हणून ते घशातच राहिलं.

पाऊण तास लागला. कामिनीनं हात एकदाच वर केला, आणि डॉक्टर घाईनं थांबली तर तिला शिंक येत होती. मनोहरराव दाराशी बसून तो घुर्र आवाज ऐकत होते. आवाज भेसूर होता खरा. चंपतरावानं नेमकी तेवढीच एक गोष्ट खरी सांगितली होती.

"झालं?" कामिनीनं जड ओठांनी विचारलं. "बस एवढंच?"

"आजचं एवढंच. आत औषध घालून वरून तात्पुरतं बंद केलंय. गुंगी उतरेपर्यंत खाऊ नको, गाल चावशील. दोन-तीन दिवस चावताना दुखेल, ते साहजिक आहे, गोळ्या दिल्यात. पण सूज वाढली, ताप आला, तोंड उघडेना की गिळता येईना, तर माझी वाट पाहायची नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं, त्याच क्षणी. पुढच्या आठवड्यात आतल्या वाटा कायमच्या भरू. मग कॅप. नस नसलेली दाढ ठिसूळ होते, कॅप नाही लावली तर एक दिवस सुपारीनं फुटेल. हे मधेच सोडू नको. अर्धं सोडतात आणि मग रूट कॅनॉल वाईट म्हणतात."

कामिनी तोंड धुवायला गेली. मनोहरराव उठले नाहीत.

"डॉक्टर, एक विचारतो." त्यांनी चष्मा काढला. "माह्या बायकोची दाढ थांबली होती. खालची. बारा दिवसांनी जबड्याखाली सूज आली. आम्ही गालगुंड समजून हळदीचा लेप लावला. मंग ताप. मंग तोंड उघडेना. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा श्वास घेताना आवाज येत होता. तिथल्या डॉक्टरनं मले विचारलं. चांगलं आठवते, दोनदा विचारलं. यायची दाढ दुखत होती काय?"

मनोहरराव काढलेला चष्मा सदऱ्याला पुसू लागले.

"मी म्हटलं, नाही. दाढ तं बरी झाली. दाढेचं काही नाही. ती तं बोलू शकत नव्हती. माह्याकडे पाहून मान हलवत होती. मले वाटलं, त्रासानं हलवून राहिली."

बेसिनकडून कामिनीच्या चूळ भरण्याचा आवाज आला.

"तिसऱ्या दिवशी गेली," मनोहरराव म्हणाले. "मी सांगितलं असतं तं वाचली असती काय?"

डॉक्टरनं हातमोजे काढले आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसली. "काका, मी त्यांना पाहिलं नाही. श्वासाला आवाज येत होता म्हणता, म्हणजे तोवर फार उशीर झाला होता. त्या वेळच्या तुमच्या एका शब्दानं किती फरक पडला असता, मला खरंच सांगता येत नाही. त्यांनी तोंड तपासलंच असेल."

"आन् दाढ थांबली त्या दिवशी आणली असती तं? तुमच्याकडे?"

तिनं पडद्यावरचा कामिनीचा फोटो बंद केला. खोटं बोलायचं की नाही याचा विचार करत असावी.

"तर बहुतेक वाचल्या असत्या," ती म्हणाली.

मनोहररावांनी मान हलवली. चष्मा घातला. "बरं झालं सांगितलं," ते म्हणाले, आणि कामिनीला घेऊन घरी आले.

त्या रात्री जेवताना त्यांनी जितेंद्रला सगळं सांगितलं. जितेंद्र ताटावरून उठला, मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला, आणि बऱ्याच वेळानं परत येऊन बापाशेजारी बसला.

पुढच्या रविवारी कळलं की चंपतरावानं दुसऱ्या वस्तीतल्या लेआउटमध्ये मंडप टाकला आहे. तुळसाबाई त्यात नव्हती. ती गावाला निघून गेली होती, आणि तिच्या जागी चंपतरावानं कुणी दुसरी बाई बसवली होती. परात तीच, माइक तोच. त्या बाजूच्या लोकांना मागच्या रविवारचं काही माहीत नव्हतं. रांग पहिल्यापेक्षा लांब होती.

मनोहरराव तिथं गेले. मंडपात गेले नाहीत. रांगेच्या शेवटाला उभे राहिले आणि शेवटच्या माणसापासून सुरुवात केली.

"भाऊ, माही बायको इथंच आली होती. धूर घेतला. दुखणं थांबलं. एकविसाव्या दिवशी मेली."

"मग इथं काय करून राहिले?"

"तेच सांगून राहिलो. तो किडा नाही, रिंगणीच्या बीचा कोंब आहे. घरी जाऊन तापला तवा पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा, त्यावर ते बी टाका, वरून मडकं झाका, तुमच्या तव्याच्या दाढेतूनही निघतीन."

काही हसले. एकानं त्यांना ढकललं. चंपतरावानं माइकवरून त्यांना डॉक्टरचा दलाल म्हटलं, मग पागल म्हटलं, मग बायकोच्या मरणाचा बाजार मांडणारा म्हटलं. तरी ते पुढच्या माणसापाशी गेले आणि तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, जसं पूर्वी एकोणीस किड्यांचं सांगायचे. दुपारपर्यंत रांगेतून सहा माणसं बाहेर पडली. बाकीची उभी राहिली.

त्या उभ्या राहिलेल्यांसाठी आणि ही गोष्ट वाचणाऱ्यांसाठी चार सरळ गोष्टी सांगायच्या आहेत. धूर, मंत्र, अंगारा यांच्यापैकी कशानंही चमत्कार झाला असं कुणी सांगितलं, तर तीच गोष्ट माणसाशिवाय करून दाखव म्हणा. आपण जे डोळ्यांनी पाहिलं ते नीट पाहिलं का, हे स्वतःला विचारा. डॉक्टरनं विचारलं तर सगळं सांगा, बरं झालेलंही सांगा. आणि दाढ दुखत असेल तर दवाखान्यात जा. दुखायची आपोआप थांबली असेल, तर आजच जा.